फुंकणी

सकाळचे सात वाजतायत. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यात या घराच्या ओटीवर आजी कुडाला टेकून बसली आहे. एका मुठीत प्लास्टिकचं पारदर्शक नळकांडं, दुसऱ्या तळव्यावर कॅप्सूल. ती कॅप्सूल दोन बोटांत धरून उन्हाकडे नेते आणि वरई निवडताना खडा शोधावा तशी आत पाहते.

"गिळायची नाय ना ही?"

"नाय गं आजी," नात म्हणते. "गिळली तर पोटात जाते. तुझं दुखणं छातीत हाय."

पहिले पंधरा दिवस आजीने या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळल्या होत्या. गोळीसारखी दिसते ती गिळायची, एवढं तिला आयुष्याने शिकवलेलं. नळकांडं कोनाड्यात, देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेलं होतं. नात सुट्टीला आली तेव्हा ते तसंच्या तसं सापडलं.

मी या घरात पाहुणी आहे. नात माझी जुनी विद्यार्थिनी. आता ती मुंबईत औषधनिर्माणशास्त्रात पुढचं शिक्षण घेते आणि तिचा प्रबंध नेमका याच गोष्टीवर आहे: कोरडी पूड फुप्फुसात कशी पोचवायची. तिचे प्रयोग पांढऱ्या उंदरांवर चालतात. मीही माझ्या उमेदीची बरीच वर्षं प्राणिगृहात काढली, त्यामुळे आमच्या दोघींच्या गप्पा सुरू झाल्या की तिच्या आईला त्यातलं काही कळत नाही. ती आत चुलीपाशी भाकरी थापते आहे. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघतो, पण त्याआधी घरभर एक फेरी मारतो.

आजीने आयुष्यात बिडी ओढलेली नाही. तरी तिला चार पावलं चढ चढला की धाप लागते, आणि रात्री छातीतून मांजर घुरघुरावं तसा आवाज येतो. साठ वर्षं ती चुलीपुढे बसली. समोरच्या उतारावर आत्ताही राब रचून ठेवलेत: फांद्या, पालापाचोळा, शेण, वर मातीचा थर. एक-दोन दिवसांत ते पेटतील. राब भाजल्याशिवाय इथे रोप जोमाने उठत नाही, आणि तो भाजला की आठवडाभर सगळी वाडी धुरात असते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडीवर, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट विकारावर, लिहिलं, तेव्हा त्यांनी घरातल्या लाकूड-गोवऱ्यांच्या धुरावर बोट ठेवलं होतं. तो लेख मी अनेक वर्षं वर्गात शिकवला. त्यातली बाई माझ्यासमोर आज पहिल्यांदा बसली आहे.

"आजी, बघ हां," म्हणून नात चुलीपासची फुंकणी उचलते. लोखंडी, हातभर लांब, एका टोकाला काळी पडलेली. ती अंगणात येते, आजीला वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवते, तवा पालथा ठेवते. फुंकणीच्या टोकात चिमूटभर नागलीचं पीठ घालते आणि फू करते. तव्यावर पिठाचा एक गोळा पडतो, बाजूला थोडी भुरभुर.

"हे असं होतं, मॅडम. पहिले दोन महिने माझं असंच होत होतं."

मग ती आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेते, पीठ त्यातून गाळते, हात पुसून कोरडे करते, पुन्हा फुंकते. आता ढग उठतो, तव्यावर पातळ तांबूस साय धरते. आजी मान हलवते. वस्त्रगाळ केलेलं पीठ कसं उडतं हे तिला कुणी सांगायला नको.

पण वस्त्रगाळही इथे पुरत नाही. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसात खोल उतरायचं तर पुडीचा कण एक ते पाच मायक्रॉनचा लागतो. दहाच्या वरचा कण वळणावर वळू शकत नाही, घशात आदळतो आणि गिळला जातो. उलट अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे बरेचसे कण उच्छ्वासाबरोबर आले तसे बाहेर जातात. जात्यावर हा बारीकपणा येत नाही. कारखान्यात दाबाखालच्या हवेचे झोत सोडून कणच कणांवर आपटवतात. आणि एवढे बारीक झालेले कण मग एकमेकांना सोडत नाहीत, गोळे धरतात. म्हणून ते लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या, मोठ्या कणांच्या अंगावर बसवतात. श्वासाचा झोत लागला की औषध सुटून आत जायचं आणि साखर घशातच राहायची. आजी म्हणते, ओढल्यावर जीभ गोड लागते. बरोबर लागते. कॅप्सूलमधला बहुतेक भाग ती साखरच आहे, औषध शे-दोनशे मायक्रोग्रॅम.

"उंदीर ओढतो काय गं हे?" आजी विचारते.

नात माझ्याकडे पाहते. हा प्रश्न तिच्या प्रबंधाच्या मध्यावर येऊन पडला आहे.

उंदीर ओढत नाही. त्याला तोंडाने श्वास घेताच येत नाही, तो फक्त नाकाने घेतो, आणि त्याचं नाक इतकं गुंतागुंतीचं की आपल्यासाठी बनवलेली पूड बहुतेक तिथेच अडकते. अडीचशे ग्रॅमचा उंदीर एका श्वासात दीड-दोन मिलिलिटर हवा घेतो. आपण निवांत बसलो असताना अर्धा लिटर घेतो. त्याच्या डाव्या फुप्फुसाला एकच खंड असतो, उजव्याला चार. आपल्याकडे डावीकडे दोन, उजवीकडे तीन. आपल्या श्वासनळ्या फांदीला दोन फांद्या अशा फुटत जातात. त्याच्यात मुख्य नळी सरळ जाते आणि बाजूंनी डहाळ्या निघतात. पुडीचा प्रवासच वेगळा.

म्हणून दोन वाटा आहेत. एक, उंदरांना नळ्यांमध्ये बसवायचं, नाकं तेवढी मधल्या खांबात उघडी, आणि खांबात पुडीचं धुकं सोडायचं. त्यांना त्या नळीची सवय व्हावी म्हणून आधी काही दिवस थोडा थोडा वेळ नुसतं बसवतात, कारण घाबरलेला उंदीर श्वास बदलतो आणि मग हिशेबही बदलतो. हिशेब तरी कसला: धुक्यातलं औषध, मिनिटाला आत गेलेली हवा, किती मिनिटं, आणि यातलं फुप्फुसात किती बसलं याचा अंदाज. उंदरासाठी ढोबळपणे दहावा हिस्सा धरतात. नव्वद टक्के नाकात, केसांवर, पोटात. आणि धुकं भरायला ग्रॅमच्या ग्रॅम पूड लागते. विद्यार्थिनीच्या हाती असते चिमूटभर.

दुसरी वाट फुंकणीची.

नात अंगणातल्या मातीत काडीने रेखाटते. तिरकी फळी. फळीच्या वरच्या टोकाला दोरा, दोऱ्यात उंदराचे वरचे दात अडकवलेले. तो केटामिन आणि झायलाझिनच्या गुंगीत झोपलेला. गळ्यावर बाहेरून दिवा धरायचा, म्हणजे घसा आतून गुलाबी उजळतो, जीभ चिमट्याने हळूच बाजूला करायची, आणि त्या गुलाबी उजेडात एक बारीक पांढरी फट उघडते, मिटते, उघडते. स्वरतंतू. ती उघडेल तेव्हा नळी आत सरकवायची. अन्ननलिकेत गेली तर सगळं फुकट, फार खोल गेली तर एकाच बाजूच्या फुप्फुसात पूड. मग सिरिंजने दोन-तीन मिलिलिटर हवेची एक फुंकर.

"आणि नळीचं वजन आधी आणि नंतर," ती म्हणते. "जेवढं कमी भरलं तेवढं आत गेलं असं धरायचं."

यासाठी अमेरिकेतल्या पेन-सेंच्युरी कंपनीचं धातूचं देखणं उपकरण जगभर वापरलं गेलं. आमच्याकडे ते नव्हतं. आम्ही सिरिंज, रुग्णालयातला तीन तोंडांचा कॉक आणि नळीचा तुकडा जोडून आपली फुंकणी बनवली होती. आजही अनेक प्रयोगशाळांत अशाच घरच्या फुंकण्या चालतात, आणि चांगल्या चालतात. फक्त हात बसावा लागतो.

माझा बसायला वेळ लागला. पावसाळ्याचे दिवस होते आणि पूड वापरण्याआधी डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या बरणीत, कोरडी करायची मी विसरले. नळीत गोळा झाला. हवा पुढे जाईना म्हणून मी जोर लावला, आणि तो गोळा एकदम सुटून श्वासनलिकेत बसला. उंदराची छाती उठायची थांबली. मी दोन बोटांनी ती दाबत राहिले, किती वेळ आठवत नाही. त्याच्या शेपटीवर हिरव्या शाईचे तीन पट्टे होते, हे आठवतं. चूक माझी होती, दुसऱ्या कुणाची नाही. त्यानंतर मी एकही पूड हातात घेण्याआधी बरणीच्या तळातल्या निळ्या दाण्यांचा रंग पाहिल्याशिवाय पुढे गेले नाही.

हे मी नातीला पूर्वीच सांगितलंय. आज आजीसमोर पुन्हा सांगते. आजी ऐकते आणि विचारते, "जे मरत नाय, त्यांचं काय करता?"

नात थोडा वेळ काडीने मातीतली रेघ पुसत राहते.

"मारावे लागतात, आजी. गुंगीतच. फुप्फुसात औषध किती उतरलं ते बघायला फुप्फुस काढावं लागतं."

"आमी बी मारायचो. भाताच्या खाचरात, बिळं खणून. पन ते आमी खायचो." आजीच्या आवाजात दोष नाही, ती हिशेब विचारते आहे. "तुमच्याकडं त्याचं काय ऱ्हातं?"

"आकडा," नात म्हणते. "वहीत."

आजीला ते पुरेसं वाटतं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही. मला विचाराल तर तो आकडा खरा असेल तरच पुरेसा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० चा. त्याखाली केंद्राची समिती आहे, प्रत्येक संस्थेत नीतिसमिती आहे, आणि किती उंदीर, का, कुठल्या वेदनाशामकासह, हे आधी लिहून मंजूर करून घ्यावं लागतं. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन गोष्टी मांडल्या: पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, वापराल तर कमीत कमी, आणि त्याला होणारा त्रास कमीत कमी. फुंकणीत दमट पूड भरणं हा त्या तिसऱ्या गोष्टीचा भंग आहे. नियमांच्या कागदावर तो कधी दिसत नाही.

नात आत जाऊन पिशवी आणते. तिच्यात कॉलेजमधून मागून आणलेली एक नळी आहे, श्वास किती जोराने ओढला हे दाखवणारी. आजीचा श्वास तिला मोजायचा आहे. मला वाटतं, सुट्टीला येताना तिच्या मनात हेच होतं.

"पूर्ण सोड. सगळा सोड. आता ओढ, जोरात!"

आजी ओढते. गालफडं आत जातात, गळ्याच्या शिरा ताठ होतात, खांदे वर येतात. नळीतली खूण सरकते आणि मिनिटाला साठ लिटरच्या बरीच खाली थांबते.

"अजून एकदा."

तितकीच. मग खोकला. आईच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहते, ती पदराने हात पुसत धावत येते. आम्ही थांबतो.

प्रयोगशाळेत इन्हेलर तपासायचं यंत्र असतं. वर काटकोनात वळवलेला धातूचा घसा, खाली चाळण्यांसारखे एकाखाली एक थर, शेवटी पंप. पंप दर वेळी ठरलेल्या दाबाने ओढतो, चार लिटर हवा, ना कमी ना जास्त. कुठल्या थरावर किती पूड बसली ते धुऊन मोजायचं. माझ्या वह्यांमध्ये अशा शेकडो ओढींचे आकडे आहेत, एकसारखे, नीटनेटके. त्यातली एकही ओढ आजीची नाही. उंदराला आम्ही फुंकून देतो, यंत्र आमच्यासाठी ओढून घेतं, आणि शेवटी ही बाई उरते जिला स्वतःच्या दमलेल्या छातीने पूड उचलावी लागते. कोरड्या पुडीच्या या नळकांड्यात ना पंप आहे ना फुंकर. ज्याचं फुप्फुस थकलं त्यानेच जोर लावायचा. उंदराच्या फुप्फुसात उतरलेला आकडा या छातीबद्दल काहीच बोलत नाही, कारण उंदराच्या ओढीचा तिथे प्रश्नच आलेला नाही. माझ्या विषयातली ही पोकळी मी पुस्तकात वाचली होती. आज ती समोर खोकते आहे.

रॉजर अल्टुन्यान यांची गोष्ट मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगायचे. अलेप्पोत जन्मलेला हा डॉक्टर स्वतः दम्याचा रुग्ण, महायुद्धात वैमानिक. पुढे इंग्लंडमधल्या औषध कंपनीत काम करताना प्राण्यांवरच्या चाचण्यांत दम्याचं नवं औषध काही हाती लागेना, तेव्हा त्यांनी स्वतःलाच प्रयोगाचा प्राणी केलं. गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून ते दम्याचा झटका आणायचे आणि एकेक रसायन आधी घेऊन पाहायचे, वर्षानुवर्षं. त्यातून १९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट सापडलं. ते पोटातून नीट शोषलं जात नाही, दम्यासाठी श्वासानेच आत ओढावं लागतं. म्हणून त्यांनी विमानाच्या पंख्यावरून सुचलेलं एक छोटं यंत्र केलं: श्वास ओढला की आतला पंखा फिरतो आणि कॅप्सूलमधली पूड उडते. आजीच्या हातातलं नळकांडं त्याच घराण्यातलं आहे. ज्याला धाप लागते त्याच्याच श्वासावर ते तपासलं गेलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

"मॅडम, लखनौचं सांगा ना आईला," नात म्हणते.

आईला का, ते मला ठाऊक आहे. आईच्या भावाला क्षय झाला होता. महिनोन्‌महिने गोळ्या, मळमळ, आणि मध्येच सोडून दिलेला कोर्स. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत अमित मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयाच्या औषधांची श्वासाने घेता येईल अशी पूड बनवली. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिनच्या गटातलं औषध, शरीरात विघटन होणाऱ्या पॉलिमरच्या सूक्ष्म कणांत बांधलेलं. क्षयाचे जंतू फुप्फुसातल्या ज्या भक्षक पेशींत दडून बसतात, त्याच पेशी असे कण गिळतात. म्हणजे औषध थेट जंतूच्या बिळात. आणि लहान उंदरांना ते देण्यासाठी त्यांनी हातात धरता येईल असं साधं उपकरण केलं: उंदराचं नाक एका भोकाशी, समोर पुडीचा ढग. गुंगी नको, नळी घशात घालायला नको. उंदीर आपल्या श्वासाने घेतो.

आई ऐकते. "मग इथं कधी येणार ती पूड?"

मी तिला खोटं सांगत नाही. उंदरापासून माणसापर्यंत फार लांबचा रस्ता असतो, एवढंच म्हणते. ती मान डोलावते. मोखाड्याच्या बाईला लांबच्या रस्त्याचं नवल नाही. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठीही ती असा एक रस्ता चालतेच.

ऊन अंगणाच्या मध्यापर्यंत आलं आहे. नात आजीला पुन्हा ओटीवर बसवते, पाठ सरळ करते. कॅप्सूल नळकांड्याच्या चौकोनी भोकात बसवते, खालचा भाग फिरवते. टक्. कॅप्सूल दुभंगून आत पडते.

"आता यात फुंकायचं नाय, आजी. तोंडातली वाफ आत गेली की पीठ भिजतं."

"भिजलं की गोळा," आजी म्हणते आणि माझ्याकडे पाहते.

"हो," नात म्हणते. "म्हणून पावसाळ्यात हे चुलीवरच्या फळीवर नाही ठेवायचं, आणि कोनाड्यातही नाही. बरणीत, झाकण लावून. आणि मी आणलेली ही नळी घेऊन आपण जव्हारला जाऊ, पतंगशाह कुटीर रुग्णालयात. डॉक्टरांना दाखवू तुझी ओढ किती आहे ती. कदाचित फवाऱ्याचा पंप आणि त्याला जोडायचा डबा देतील, त्यात जोर लागत नाही."

आजी श्वास सोडते, तोंड बाजूला वळवून, सगळा. ओठ नळकांड्याभोवती घट्ट मिटते. ओढते. आत काहीतरी खडखडतं, कॅप्सूलचे दोन भाग. नात बोटं मिटत मोजते, एक, दोन, तीन, आणि आजीचे डोळे मोठे होतात, सातला ती श्वास सोडून देते.

नात नळकांडं उघडून कॅप्सूलचे भाग तळव्यावर घेते, उन्हात धरते. एका भागाच्या काठाला पांढरी साय अजून चिकटलेली आहे.

"आहे अजून, आजी. परत ओढ."

आजी हात पुढे करते. समोरच्या उतारावर कुणीतरी पहिल्या राबाला काडी लावली आहे, धूर आधी सरळ वर चढतो आणि मग वाडीकडे वळतो. आई दार लोटून घेते. अंधारलेल्या ओटीवर आजीची दुसरी ओढ ऐकू येते.